शाईविना छाप : सोमनाथ होर यांच्या ‘जखमा’

ओलाकागद (धागाकर्ता)

नाशिकच्या कॉलेज रोड, गंगापूर रोडच्या नव्या फ्लॅटांत हल्ली एक चित्र हमखास दिसतं. थापीनं ओढलेली पुट्टी, वरून फिरवलेला सोनेरी हात, खाली सोफ्याला जुळणारा रंग. विकणारा म्हणतो, “टेक्श्चर आहे साहेब, हात लावून बघा.” हात लावला की पुट्टी लागते, बाकी काही नाही. पृष्ठभाग खडबडीत केला की चित्र खोल होतं असं वाटणाऱ्यांनी एकदा तरी बंगालचे मुद्राचित्रकार (पत्रा, लाकूड कोरून कागदावर त्याचा छाप घेणारे) सोमनाथ होर बघावेत. मराठीत त्यांच्यावर फार थोडं वाचायला मिळतं, म्हणून हा धागा.

होर १९२१ चे, चितगावकडचे, म्हणजे आताच्या बांगलादेशातले. १९४३ चा बंगालचा दुष्काळ त्यांनी ऐन विशीत पाहिला. कम्युनिस्ट पक्षाच्या ‘जनयुद्ध’ या पत्रासाठी त्यांनी तेव्हा भुकेल्या माणसांची रेखाटनं केली, चित्रकार चित्तप्रसाद यांचा आदर्श समोर ठेवून. १९४६ मध्ये उत्तर बंगालात तेभागा आंदोलन पेटलं. अर्ध्या वाट्यानं जमीन कसणारे शेतकरी पिकाचे दोन तृतीयांश मागत होते. होर तिथंही वही घेऊन हिंडले. पुढं कलकत्त्यात लाकडावरचं कोरकाम, एचिंग (अ‍ॅसिडनं पत्र्यात रेघा कोरणं), लिथो (दगडावरून छपाई) असं सगळं शिकले, दिल्लीत शिकवलं, आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीस शांतिनिकेतनात कलाभवन या कलाशाळेत आले. ‘जखमा’ ही मुद्राचित्रांची मालिका तिथली, १९७० च्या दशकातली.

आता मुद्दा. या मालिकेत शाई नाही. रंग नाही. प्रेसही नाही. मातीची किंवा मेणाची लादी घ्यायची. तिला सुरीनं चिरायचं, टोचायचं, तापल्या सळईनं भाजायचं. तिच्यावर सिमेंट ओतून साचा काढायचा. त्या साच्यात कागदाचा ओला लगदा हातानं दाबत दाबत भरायचा, आणि वाळला की उचलायचा. हाती येतो एक जाडसर पांढरा कागद.

लांबून तो कोराच दिसतो. जवळ गेलं आणि उजेड कडेनं पडत असला, तर चिरेची एक कड उचललेली दिसते, दुसरी आत दबलेली. सुरी कुठल्या बाजूनं शिरली, कुठं अडली, कुठं वळून बाहेर आली ते कळतं. एखाद्या ठिकाणी बारीक भोकांची रांग असते आणि भोकांभोवती कागद फुगलेला असतो. चेहरा नाही, हात नाही, कुणाचं नाव नाही. तरी पोटात कालवतं.

माझ्या मते याचं कारण साधं आहे. इथं जखम कुणी ‘काढलेली’ नाही. मातीला खरंच कापलेलं आहे आणि कागदानं त्या कापण्याचा ठसा घेतला आहे. एचिंगवाला आयुष्यभर हेच करतो : अ‍ॅसिड पत्र्याला खातं, सुरी लाकूड चिरते, आणि शेवटी शाई त्या सगळ्यावर पांघरूण घालते. होर यांनी पांघरूण काढून टाकलं.

जाणकारांनी भर घालावी. विशेषतः सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या साचेवाल्यांनी, कारण माझ्या काही शंका तांत्रिक आहेत.

---

दहीपूलकर

मस्त धागा. पहिल्या परिच्छेदातलं चित्र आमच्या दिवाणखान्यात आहे, पण ते असो.

एक प्रामाणिक शंका. दुष्काळाची रेखाटनं आमच्या आजीलाही कळली असती. बरगड्या दिसल्या की भूक समजते. पांढऱ्यावर पांढरं हे गॅलरीत वाईनचा ग्लास धरून उभं राहणाऱ्यांसाठी नाही का? (हो, वाईन आपल्याच जिल्ह्यातली, म्हणून तर टोचतं.) ज्यांच्यासाठी हा माणूस वही घेऊन हिंडला, त्यांना हा कोरा कागद दाखवला असता तर ते काय म्हणाले असते?

---

सातपूरचा_डायवाला

धागाकर्त्यांनी हाक मारली म्हणून आलो. चित्रकलेतलं मला शून्य कळतं, साच्यातलं थोडंफार.

पहिली गोष्ट. तुम्ही लिहिलेल्या पद्धतीत दोनदा उलटापालट होते. मातीत खड्डा, सिमेंटात त्याचा उंचवटा, कागदात पुन्हा खड्डा. म्हणजे कागदावर येतं ते मातीचं जसंच्या तसं, डावं-उजवंसकट. माझ्या माहितीप्रमाणे नेहमीच्या छपाईत अक्षर पत्र्यावर उलटं कोरावं लागतं. इथं ती भानगडच नाही. सुरी उजवीकडून घातली तर कागदातही उजवीकडूनच. तुम्ही म्हणता ती ‘सुरी कुठून शिरली ते कळतं’ गोष्ट यामुळं खरी ठरते, नाहीतर सगळं आरशातलं दिसलं असतं.

दुसरी. आम्ही मोल्ड करतो तेव्हा भिंतींना ड्राफ्ट देतो, म्हणजे थोडी तिरकी ठेवतो, नाहीतर माल साच्यात अडकतो. आणि अंडरकट, म्हणजे आत जाऊन वळलेला खाचा, हा तर शत्रूच. सुरीनं तिरका चिरा दिला की अंडरकट आलाच. कडक प्लास्टिक तिथून सुटणार नाही. पण ओलसर कागद लवचीक आहे, तो थोडा दुमडून निघत असणार, आणि निघताना कड उचलली जात असणार. तुम्हाला दिसलेली वर आलेली कड निम्मी सुरीची आणि निम्मी साच्यातून निघण्याची असू शकेल. हा माझा अंदाज.

तिसरी. मूळ माती गेली. सिमेंट धरल्यावर आतली माती खरवडूनच काढावी लागते. म्हणजे पहिला घाव उरत नाही, साचा उरतो.

---

ओलाकागद

@सातपूरचा_डायवाला, दंडवत घ्या. डावं-उजवं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं, आणि आम्ही लोक उलटं कोरण्यात आयुष्य घालवतो! उचललेल्या कडेबद्दल मी नाही म्हणणार नाही, तरी सगळ्या कडा तशा नाहीत. काही ठिकाणी मातीच बाजूला सरकून फुगलेली स्पष्ट दिसते, नांगरटीत ढेकूळ उलटावं तशी.

@दहीपूलकर, शंका रास्त आहे, टाळणार नाही. पण होर यांनी माणूस सोडून दिला असं समजू नका. याच १९७० च्या दशकात ते ब्राँझकडेही वळले. मेणाचे पातळ पत्रे फाडायचे, जोडायचे, चिरा तशाच ठेवायच्या आणि मग ओतायचं. त्यात बरगड्या आहेत, भूक आहे, आई आहे, मूल आहे, कुत्रीसुद्धा आहेत. व्हिएतनामच्या लोकांना वाहिलेलं आई आणि मुलाचं मोठं ब्राँझ त्यांनी केलं आणि १९७७ मध्ये ते कलाभवनातून चोरीला गेलं. आजतागायत सापडलेलं नाही. ‘जखमा’ मला रेखाटनं आणि ब्राँझ यांच्या मधल्या वाटतात. डायवाले म्हणतात तो साच्याचा अनुभव हातात आल्यावरच पुढचं ओतकाम आलं असावं.

तुमच्या आजीला कागद कळला नसता कदाचित. पण डोळे मिटून बोट फिरवू दिलं असतं तर कळला असता, अशी माझी पैज आहे.

---

जेलरोडवाले_काका

बोट फिरवण्याचा विषय निघाला म्हणून लिहितो. नाशिकरोडला नोकरी झाली. कुठं ते विचारू नका, काय केलं तेही विचारू नका, सवय लागलीय न बोलण्याची. 😀 पुढचं सगळं जगजाहीर आहे.

आपल्या गावात १९२८ पासून नोटा छापल्या जातात. नोटेवरचा गांधीजींचा चेहरा इंटॅग्लिओनं येतो. पत्र्यात खोल कोरलेल्या रेघांत शाई भरायची, वरची पुसून काढायची आणि प्रचंड दाबानं कागद त्या खाचांत घुसवायचा. कागद शाई तर उचलतोच, शिवाय खाचेचा आकारही उचलतो. म्हणून कोरी नोट खरखरीत लागते. सध्याच्या शंभराच्या नोटेवर उठावाचा त्रिकोण आहे, पाचशेच्या नोटेवर वर्तुळ. कडेला तिरप्या रेषा, शंभरला चार, पाचशेला पाच. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी ही सोय. नोट जुनी झाली की उठाव झिजतो, ही त्यांची कायमची तक्रार आणि ती खरी आहे.

तेव्हा ओलाकागद, तुम्ही म्हणता ती बोटांना लागणारी छपाई तुमच्या पाकिटात आहे. दिवसातून दहादा हात लागतो, लक्ष जात नाही.

---

अर्धा_पुणेकर

चर्चा रंगलीय पण मूळ गृहीतच गडबडलंय. मुद्राचित्राला पत्रा किंवा ठोकळा लागतो, शाई लागते, प्रेस लागतो, आणि खाली आवृत्तीचा आकडा (किती प्रतींतली कितवी तो) लागतो. लगदा साच्यात भरून काढला तर ते ओतकाम आहे. शिल्प म्हणा, कागदी शिल्प म्हणा, मुद्राचित्र म्हणू नका. उद्या आमच्या गणपतीवाल्यालाही मुद्राचित्रकार म्हणाल. तोही साच्यात शाडू दाबतो.

---

तिकीटवाला_नाशिकरोड

@अर्धा_पुणेकर, शाई लागतेच असं कोण म्हणालं? आशियातलं पहिलं टपाल तिकीट ‘सिंदे डाक’, १८५२ चं. सिंधचा कमिशनर बार्टल फ्रिअर यानं काढलेलं. त्यातलं एक पांढऱ्या कागदावर नुसतं दाबून उठवलेलं होतं, रंगाचा थेंब नाही. मग अडचण काय झाली, तर अंधुक उजेडात ते दिसेना. म्हणून निळ्या रंगात काढावं लागलं. संग्राहकांमध्ये त्या पांढऱ्याला जो मान आहे तो विचारू नका.

होर यांच्या कागदालाही कडेचा उजेड लागतो असं वर वाचलं आणि हसू आलं. सिंदे डाकेला हीच बाधा होती. फक्त टपालखात्याला ती परवडली नाही.

---

वेणू_चित्रशाळा

अर्धा_पुणेकर यांच्या मुद्द्यावर तिकीटवाल्यांनी निम्मं उत्तर दिलंच आहे, निम्मं माझ्याकडून. जपानी लाकडी छापांत शाई न लावता नुसता दाब देऊन बर्फ आणि किमोनोची नक्षी उठवायची रीत शेकडो वर्षांची आहे. तिकडचे चित्रकार हाकू माकी तर प्लायवूडवर ओलं सिमेंट थापायचे, त्यात अक्षरं घडवायचे आणि तो ठोकळा जाड कागदात घुसवायचे. हे सगळं मुद्राचित्र म्हणूनच संग्रहालयांत आहे.

पण मला धागाकर्त्यांशीही थोडं भांडायचंय. शाई पांघरूण घालते हे वाक्य ऐकायला छान आहे, कृष्णा रेड्डींना मात्र ते लागू होत नाही. रेड्डी आंध्रातले, १९२५ चे, शांतिनिकेतनात शिकले, मुळात शिल्पकार. पॅरिसला हेटर यांच्या ‘अतेलिए १७’ या छपाईच्या कार्यशाळेत गेले आणि पत्र्याकडे शिल्प म्हणून बघायला लागले. तिथं त्यांच्यासोबत आपल्या मुंबईचे कायको मोतीही होते, जेजे कलाशाळेतून गेलेले. या मंडळींनी एकाच पत्र्यावरून एकाच वेळी अनेक रंग छापायची रीत बसवली.

रीत अशी. पत्र्यात उंच, मधल्या, खोल अशा पातळ्या कोरायच्या. आधी तळच्या रेघांत शाई भरून पुसायची. मग कडक रोलरनं पातळ, जास्त जवस तेलाची शाई फिरवायची. ती फक्त उंच भागाला लागते. त्यावरून मऊ रोलरनं घट्ट, चिकट शाई. मऊ रोलर दबून खालच्या पातळीपर्यंत पोचतो, पण जिथं आधीची तेलकट शाई बसलीय तिथं घट्ट शाई धरत नाही. रंग एकमेकांत न मिसळता शेजारी बसतात. त्यांचा १९६३ चा ‘व्हर्लपूल’ नुसता फोटोत पाहिला तरी पाणी आत ओढतंय असं वाटतं. इथं शाई उंच-सखल झाकत नाही, उलट प्रत्येक खोलीला तिचा तिचा रंग देते.

म्हणजे पत्र्याची खोली दाखवायची तर रंग टाकूनच द्यावा लागतो असं नाही, एवढंच म्हणणं.

---

ओलाकागद

वेणूताई, मान्य, ते वाक्य मी सरसकट लिहायला नको होतं. रेड्डींच्या पत्र्यांपुढं कोणीही टोपी काढावी. तरी फरक शिल्लक राहतोच. रेड्डींच्या कागदात खोली दिसते ती बरीचशी रंगातून. होर यांच्याकडे ती कागदाच्या अंगात आहे. दिवा बंद केला तर रेड्डी दिसेनासे होतात, होर बोटांना लागतात.

@अर्धा_पुणेकर, व्याख्येसाठी मी भांडणार नाही. छाप म्हणजे दाब, एवढंच माझं म्हणणं. एका पृष्ठभागावर घडलेली गोष्ट दाबानं दुसऱ्यावर गेली की माझ्यापुरतं भागलं. गणपतीवाल्याला मुद्राचित्रकार म्हणायला माझी हरकत नाही, तो काय म्हणेल ते त्याला विचारा.

---

त्रिरश्मी

अजून कोणी लिहिलं नाही म्हणून. पांडवलेण्यांतले शिलालेख वाचकांपर्यंत कसे पोचले असतील? नहपान, गौतमीपुत्र या राजांचे लेख, तिसऱ्या लेण्यातला गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिचा मोठा लेख, हे सगळे अभ्यासकांनी घरी बसून वाचले ते ठशांवरून. शिलालेखाचा ठसा घ्यायची रीत पाहिलीय का कोणी? दगड स्वच्छ करायचा, ओला कागद चिकटवायचा, आणि दाट केसांच्या ब्रशनं ठोकत राहायचं. कागद अक्षरांच्या खाचांत उतरतो. मग वरून शाईची गादी हलकेच फिरवायची. खाचेत शाई जात नाही, अक्षर पांढरं राहतं. वाळल्यावर कागद उचलला की छिन्नीची खोलीसुद्धा त्यात आलेली असते. झिजलेलं अक्षर वाचताना म्हणे मागच्या बाजूनं बोट फिरवूनही बघतात.

शाई त्यात सोयीपुरती. अक्षर कागदात दाबामुळं येतं. (उत्साही मंडळींना सूचना : लेणी संरक्षित आहेत. परवानगीशिवाय बादली-ब्रश घेऊन डोंगर चढू नये. पायऱ्याही पुष्कळ आहेत.)

---

अर्धा_पुणेकर

ठशाचं उदाहरण चांगलं आहे. मान्य केलं असं समजू नका, पण चांगलं आहे.

---

मृण्मयी_इंदिरानगर

मी शाळेत चित्रकला शिकवते. वरचं सगळं वाचून वाचनखूण साठवली. आता माझ्या कामाचं विचारते : मुलांना असं काही करायला द्यायचं तर? अ‍ॅसिड नको, सिमेंटही नको, पालक येतील भांडायला. प्रेस नाही. एका सहशिक्षकांनी उसाच्या रसाचा चरक सुचवलाय आणि ते गंभीर आहेत.

---

ओलाकागद

चरकाच्या लाटेला आडव्या खाचा असतात हो, कागदाचं चिपाड होईल! सहशिक्षकांना नमस्कार सांगा.

तुम्ही कोलाग्राफ करा, म्हणजे वस्तू चिकटवलेल्या पुठ्ठ्यावरून छाप काढा. अमेरिकेत ग्लेन आल्प्स यांनी १९५० च्या दशकात त्याला नाव आणि रूप दिलं. जाड पुठ्ठा घ्या. त्यावर फेविकॉलनं सुतळी, जाळीचं कापड, वाळलेली पानं, बारीक चाळलेली वाळू चिकटवा. पूर्ण वाळू द्या आणि वर चपड्याचा (लाखेच्या वार्निशचा) हात द्या, नाहीतर शाईच्या ओलीनं पुठ्ठा फुगतो. मग शाई लावा, कापडानं पुसा, ओलसर कागद ठेवा, वर फेल्ट किंवा जुनी घोंगडी, आणि लाकडी लाटण्यानं सगळा जोर लावून दाबा. अर्धे छाप बिनशाईचे काढायला लावा. मुलांना तेच जास्त आवडतात असा अनुभव आहे, कारण ते लगेच डोळे मिटून ओळखायचा खेळ सुरू करतात.

फक्त वस्तूंची उंची सारखी ठेवा. एखादं बटण चिकटवलं तर तेवढ्याच ठिकाणी कागद फाटतो आणि बटणाभोवती छाप उठतच नाही.

---

सातपूरचा_डायवाला

वाळूपेक्षा आमच्याकडची कार्बोरंडम पावडर चालेल का? लॅपिंगला, म्हणजे धातू घासून गुळगुळीत करायला वापरतो, दाणा एकसारखा असतो.

---

वेणू_चित्रशाळा

चालेल काय, धावेल! पॅरिसमध्ये आंरी गोएट्झ यांनी १९६० च्या दशकात नेमकं हेच केलं. पावडर डिंकात, राळेत कालवून पत्र्यावर थापायची. दाण्यांमध्ये शाई अडकते आणि मखमली काळा येतो. चित्रकार मिरोनं पुढं त्यात भरपूर काम केलं. मुलांना कोरडी पावडर मात्र उडवू देऊ नका, श्वासात जाते. मास्क लावून मोठ्यांनीच कालवावी.

---

दहीपूलकर

पैजेचं काय झालं? आजी आता नाही, पण आईची दृष्टी मोतीबिंदूनं अधू झालीय आणि शस्त्रक्रियेची तारीख अजून यायची आहे. आणून द्या एखादा कागद, बघू काय म्हणते.

---

ओलाकागद

होर कुठून आणू, माझाच आणतो. सध्या साचा तयार आहे पण लगद्याचं जमत नाही. सुती चिंध्यांचा केलाय. वाळताना आकसतो आणि खोल चिरेच्या तळाशी तडा जातो. हा तडा मला नकोय, तो सुरीनं दिलेला नाही.

---

कागदी_घोडा

हातकागदाच्या धंद्यातला आहे. लगदा जास्त कुटलात तर धागे बारीक होतात, पाणी जास्त धरतात आणि वाळताना जास्त आकसतात. कुटणं कमी करा. एकदम जाड थर भरू नका. पातळ थर, स्पंजनं पाणी टिपून घ्या, मग दुसरा थर. खोल चिरेत आधी बोटानं थोडा लगदा दाबून बसवा, मग बाकीचं. उन्हात अजिबात ठेवू नका, वरचा थर आधी वाळून खालचा ओढतो. आणि सिमेंटच्या साच्याला चपडा मारलाय ना?

---

ओलाकागद

मारलाय, एकच हात. उन्हातच ठेवत होतो, गच्चीवर.

---

सातपूरचा_डायवाला

एक हात पुरणार नाही. सिमेंट आधी ओलं ठेवून चांगलं मुरू द्या, पूर्ण कोरडं करा, मग तीन हात पातळ चपडा, मध्ये बारीक पॉलिश पेपर. चिरेच्या तोंडाशी जास्त घासू नका, धार जाईल. शनिवारी शॉपला सुट्टी असते. साचा घेऊन या, बघतो कुठं अडकतोय ते. मृण्मयीताईंची पावडरही डब्यात भरून ठेवतो.

---

मृण्मयी_इंदिरानगर

शनिवारी मीही येते. सहशिक्षकांना आणू का? चरकाचं अजून त्यांच्या डोक्यातून गेलेलं नाही. लाट खरादवर गुळगुळीत करून मिळेल का, असं विचारतायत.